कानाचे दुखणे आणि मोबाइलवरचे वैद्य

या पानावर मी एरवी कांद्यावरच्या करप्याबद्दल, फुलकिड्यांबद्दल, ठिबकच्या अर्जांबद्दल लिहितो. आज कानाबद्दल लिहिणार आहे. कृषी पदविका घेतलेल्या माणसाने कानात कशाला नाक खुपसावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण असे की, या गोष्टीत थोडी चूक माझीही आहे.

माझ्या कार्यक्षेत्रातील गावांचा शेतकऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. हवामान, फवारणीचा सल्ला, चाकण मार्केट यार्डातले कांदा-बटाट्याचे भाव, योजनांच्या मुदती, असे सगळे त्यावर टाकतो. ग्रुपचा ॲडमिन मीच. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर एक मजकूर आला. मोहरीच्या तेलात लसूण टाकून कडकडीत तापवावे, कोमट झाल्यावर तीन थेंब कानात सोडावेत, असे २१ दिवस करावे. बहिरेपण, कानातली शिट्टी आणि चक्कर तिन्ही मुळासकट जातात. दहा ग्रुपवर पाठवा, कोणाचे तरी भले होईल. मी तो वाचला आणि सोडून दिला. शेतीचा विषय नाही, काढून कशाला कोणाला दुखवा, असा विचार केला. त्याखाली बऱ्याच जणांनी हात जोडल्याची चित्रे टाकली होती.

साधारण महिन्याने शनिवारच्या बाजारी चाकणच्या यार्डात एक ओळखीचा पोरगा भेटला. वय सत्तावीस. घरची थोडी जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या दीड एकरात वडील कांदा करतात आणि हा एका प्रेस शॉपमध्ये कंत्राटी कामाला आहे. मी डावीकडून हाक मारली, तर त्याला पत्ताच नाही. खांद्याला हात लावला तेव्हा वळला.

"साहेब, उजव्या बाजूनं बोला. डावा कान गेलाय."

"कधीपासून?"

"बुधवारी सकाळच्याला उठलो तं कान बंद. दडा बसला म्हनलं. दोन दिवस गरगरत बी व्हतं. मंग आपल्या ग्रुपवर ते तेलाचं आलं व्हतं ना, ते चालू केलं. एकवीस दिवस झाले परवा."

'आपल्या ग्रुपवर' हे त्याने अगदी सहज म्हटले. तक्रार म्हणून नव्हे. म्हणूनच ते जास्त लागले.

त्याच दिवशी त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. काचेच्या खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून श्रवणाचा आलेख काढला. डॉक्टरांनी कधीपासून म्हणून विचारले. चोवीस दिवस झाले, असे ऐकल्यावर ते क्षणभर काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पहिल्या आठवड्यात यायला हवं होतं."

एका रात्रीत गेलेला कान

हे दुखणे आपल्या लोकांना माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. काहीही न लागता, न पडता, एका कानाचे ऐकणे एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत गळून जाते. कान भरल्यासारखा वाटतो, आत शिट्टी किंवा पंख्यासारखी घरघर सुरू होते, काहींना चक्कर येते. मळ साचला असेल, सर्दी असेल, गार वारा लागला असेल, असे समजून माणूस थांबतो. पुष्कळदा मळ किंवा सर्दीच असते, हेही खरे. पण कधीकधी आतल्या कानाच्या नसेचे काम बंद पडलेले असते, आणि बाहेरून बघून दोन्हीतला फरक ना तुम्हाला कळतो ना मला. अमेरिकेतील नोंदीप्रमाणे दर वर्षी एक लाख लोकांत ५ ते २७ जणांना हे होते. बहुतेकांच्या बाबतीत कारण सापडत नाही.

यावर स्टिरॉइड हे औषध देतात, आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर उपयोगाची शक्यता जास्त असते. पुढे ती उतरत जाते. आपण म्हणतो ना, वाफसा गेल्यावर पेरणी करून काय उपयोग, तसलाच हा प्रकार. मात्र हे औषध मेडिकलच्या दुकानातून आपल्या मनाने घेऊ नये. मधुमेह असलेल्याची साखर त्याने एकदम वाढते. डॉक्टरांनीच ठरवावे.

प्रसिद्ध गायिका अलका याज्ञिक यांचे उदाहरण अनेकांना आठवत असेल. जून २०२४ मध्ये त्यांनी इन्स्टाग्रामवर स्वतःच लिहिले की, काही आठवड्यांपूर्वी विमानातून उतरताना अचानक काहीच ऐकू येईना, आणि विषाणूच्या हल्ल्याने नसेचे बहिरेपण आल्याचे डॉक्टरांनी सांगितले. फार मोठ्या आवाजातले संगीत आणि हेडफोन यांपासून जपा, असेही त्यांनी चाहत्यांना सांगितले. मोबाइलचा हा चांगला उपयोग झाला. एरवी घराघरांत जिचा आवाज वाजतो तिचेच ऐकणे असे जाऊ शकते, हे लाखो लोकांना एका दिवसात कळले. आमच्या ग्रुपवरही ती बातमी आली होती. पण ती बातमी वाचून 'असे झाले तर आपण आठवड्याच्या आत दवाखाना गाठायचा' एवढी गोष्ट कोणी लक्षात ठेवली नाही. तेलाचे थेंब मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिले. तेल घरात असते, हे त्याचे कारण असावे.

कांद्यावरची काळी बुरशी

तेलाबद्दल थोडे माझ्या विषयातले सांगतो. चाळीत साठवलेल्या कांद्याच्या वरच्या पातीखाली काळी भुकटी दिसते, हात लावला की बोटाला काजळी लागते. ती अस्परजिलस नायजर ही बुरशी. भुईमुगाची रोपे मानेजवळ काळी पडून मरतात, तीही हीच. आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर ज्याला कानातली बुरशी म्हणतात, त्यात पुष्कळदा सापडते तीसुद्धा हीच. पहिल्यांदा मी हे वाचले तेव्हा मलाच खरे वाटेना.

बुरशीला काय लागते ते तुम्हाला मी शिकवायला नको. ऊब, ओल आणि कोंदट जागा. पावसाळ्यात कानात तेल सोडून वरून कापसाचा बोळा कोंबला की तिन्ही गोष्टींची सोय झाली. मग कान खाजतो, म्हणून काडी घालायची. काडीने आत ओरखडा पडतो, म्हणून पुन्हा तेल. पडद्याला आधीच भोक असेल, म्हणजे ज्यांचा कान लहानपणापासून वाहतो, त्यांच्यात तेल थेट आत जाते. तापवलेल्या तेलाने आतली कातडी भाजते, ते वेगळेच.

दुसरा प्रकार बाटलीच्या फोटोचा. 'मला या ड्रॉपने गुण आला' म्हणून एखादा कानाच्या औषधाच्या बाटलीचा फोटो टाकतो, आणि चार जण तीच बाटली विकत आणतात. आपण डाळिंबावर, टोमॅटोवर ज्या भुकटीची फवारणी वर्षानुवर्षे करत आलो, त्यात स्ट्रेप्टोमायसिन असे. त्या जातीची काही प्रतिजैविके माणसाच्या आतल्या कानाला विषारी असतात. पूर्वी क्षयाच्या रोग्यांना स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने देत, तेव्हा काहींचा तोल कायमचा जाई. अंधारात त्यांना सरळ चालता येत नसे. त्याच कुळातील जेंटामायसिन कानाच्या काही थेंबांमध्ये असते. पडदा शाबूत असेल तर अडचण नसते. भोक असेल तर धोका असतो. म्हणजे एकच बाटली, एकाला औषध आणि दुसऱ्याला बाधक. पडदा शाबूत आहे की नाही हे कानात दिवा धरून बघितल्याशिवाय समजत नाही, आणि फोटो पाठवणाऱ्याने तर तुमचा कान बघितलेलाच नसतो. सोयाबीनवरचे तणनाशक कोणी कांद्यावर मारत नाही. कानाच्या बाबतीत मात्र आपण ते बिनदिक्कत करतो.

खोडवा नसलेले पीक

आता या भागातले जे सर्वांत मोठे कारण, त्याकडे वळतो. भोसरी, तळवडे, कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी या पट्ट्यातील घरटी एक तरी माणूस कंपनीत जातो. त्यांपैकी प्रेस, फोर्जिंग, ग्राइंडिंग, घणाचे काम करणारे पुष्कळ. शिफ्ट संपवून घरी आले की मळणीयंत्र, ट्रॅक्टर, डिझेल इंजिन आहेच. शहरातल्या कामगाराच्या कानाला घरी विसावा असतो. आपल्या पोरांच्या कानाला तोही नाही.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी आहे. तिच्यात जन्मतः पंधरा-सोळा हजार केसासारख्या टोकांच्या पेशी असतात; त्याच आवाज पकडतात. उभ्या गव्हातून एकदा माणूस गेला तर गहू पुन्हा उठतो. रोज तिथूनच वाट पडली तर तो आडवाच राहतो. शिफ्टनंतर तासभर कानात गुंई होते आणि मग थांबते, तेव्हा गहू उठतो आहे असे समजावे. एक दिवस ती थांबत नाही. ऊस तोडला तर खोडवा फुटतो. या केसांना खोडवा नाही. गेले ते गेले.

कारखान्यांच्या नियमांत पूर्वीपासून ८ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा धरली गेली आहे. आरोग्याचे जाणकार ८५ च धरावी असे म्हणतात. केबिन नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी ९० पेक्षा जास्त आवाज सहज असतो. डेसिबल मोजायचे यंत्र आपल्याकडे नसले तरी एक सोपी खूण आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावे लागत असेल तर तो आवाज कानाला घातक समजावा. मोबाइलवर आवाज मोजण्याची ॲप मिळतात, ती अगदी अचूक नसतात. पण अंदाज येण्याइतकी असतात. यात्रेतल्या डीजेपुढे एकदा लावून बघा.

कंपनीत मिळणारे स्पंजाचे इअरप्लग बरेच जण नुसतेच कानाच्या तोंडाशी टेकवतात. त्याचा उपयोग नाही. बोटांनी वळून बारीक करावे, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर व मागे ओढावी, मग आत सरकवावे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरावे. हे कसे करायचे ते व्हिडिओत फार छान दिसते. माझ्या वर्णनापेक्षा तेच बघावे. मळणीच्या वेळीही हेच प्लग वापरावेत. कापसाचा बोळा आवाज अडवत नाही.

एक गोष्ट मी कंपनीच्या बसमध्ये नेहमी पाहतो. दिवसभर प्रेसवर कान दमवून आलेली पोरे बसमध्ये बसल्याबरोबर इअरफोन लावतात. बसचाच आवाज इतका, की रील ऐकू यावे म्हणून आवाज शेवटपर्यंत वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की, मोबाइलचा आवाज ६० टक्क्यांवर जाऊ देऊ नये. आणि त्याच रीलमध्ये मग जाहिरात येते, 'कानातली शिट्टी सात दिवसांत बंद.' म्हणजे दुखणे वाढवणारा आणि औषध विकणारा एकाच खिशात.

या जाहिरातींबद्दल ग्रामपंचायतीच्या मंडळींना एक गोष्ट माहीत असावी. १९५४ सालचा औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करणे गुन्हा आहे, त्यांच्या यादीत बहिरेपण आहे. जाहिरात म्हणजे काय, याची व्याख्या त्या कायद्यात इतकी मोकळी केली आहे की, कागद तर आलाच, पण तोंडी सांगणे आणि प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साधनाने केलेली घोषणासुद्धा तीत येते. १९५४ मध्ये मोबाइल कोणाच्या स्वप्नातही नव्हता, पण प्रकाश आणि ध्वनी म्हटल्यावर मोबाइल त्यातून सुटत नाही. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. असा मजकूर पैसे घेऊन पसरवणारा आणि भाबडेपणाने पुढे ढकलणारा यांत फरक आहे, हे मी जाणतो. ग्रुपवरचे आपण सगळे दुसऱ्या प्रकारातले.

कामगार बांधवांसाठी आणखी एक. आवाजाने आलेले बहिरेपण हा व्यवसायजन्य आजार म्हणून कायद्याने मानलेला आहे. जुन्या कारखाना कायद्यात तो होता आणि नव्या कामगार संहितांतही आहे. ज्यांच्याकडे ईएसआयचे कार्ड आहे त्यांनी कानाची तपासणी करून आलेख जपून ठेवावा. कामाला लागतानाचा आलेख असेल तर पुढे दाद मागताना तुलना करता येते. तो नसेल तर 'तुझा कान आधीपासूनच असा होता' असे ऐकून घ्यावे लागते. आलेखाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, मूळ कागद घरी पेटीत.

चक्कर आणि व्हिडिओ

कानाचा दुसरा उद्योग तोल सांभाळण्याचा. गवंड्याची पाणसळ तुम्ही पाहिली आहे. काचेत पाणी आणि त्यात बुडबुडा. आतल्या कानात तशा पाण्याने भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या, तीन दिशांना बसवलेल्या असतात. शेजारच्याच पिशवीत चुन्याचे बारीक कण असतात. वयाने किंवा डोक्याला मार लागून ते कण सुटून नळीत गेले की, कूस बदलताना, वर माळ्याकडे बघताना, वाकून उठताना घर गरगर फिरते. अर्ध्या-एक मिनिटात थांबते. पुन्हा कूस बदलली की पुन्हा. चक्कर येण्याच्या कारणांत हे फार नेहमीचे. आपल्याकडे मात्र चक्कर म्हटली की मानेचा मणका, नाहीतर पित्त. गळपट्टा बांधून महिनोन्‌महिने फिरणाऱ्या कितीतरी आया-बहिणी मी पाहिल्या आहेत.

यावर औषधापेक्षा एक युक्ती लागू पडते. डोके ठरावीक क्रमाने फिरवून ते कण पुन्हा जागेवर ढकलायचे. अमेरिकेतले डॉक्टर एप्ली यांनी ती रूढ केली, म्हणून तिला त्यांचेच नाव. यूट्यूबवर तिचे व्हिडिओ भरपूर आहेत आणि लोक ते बघून घरी करतात. २०१२ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी असे ३३ व्हिडिओ तपासले, त्यांपैकी २१ बरोबर निघाले. तेलाच्या मजकुराच्या मानाने हे पुष्कळच बरे.

पण व्हिडिओ बरोबर असून भागत नाही. मी राहतो त्या घरमालकांच्या आईला ही चक्कर सुरू झाली. नातू भोसरीला कामाला, हुशार. त्याने व्हिडिओ लावला, आजीला पलंगावर निजवले आणि अगदी व्हिडिओबरहुकूम डोके फिरवले. म्हातारी ओकून ओकून बेजार. नातवाची करणी बरोबर होती, कान चुकीचा होता. दुखणे उजवीकडे आणि त्याने फिरवले डावीकडे. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी तिला आडवी करून डोळे पाहिले, कोणता कान ते ठरवले, मग तीच क्रिया केली. पाच-दहा मिनिटांत आजी उठून बसली. "एवढंच व्हय? मंग मला सहा महिने गोळ्या कशापायी चारल्या?" हा तिचा प्रश्न होता. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या फार दिवस घेतल्या तर मेंदूला तोल पुन्हा शिकायला उशीर लागतो. त्या चार-दोन दिवसांपुरत्याच असतात.

मोबाइलचा खरा उपयोग इथे वेगळाच आहे, आणि तो मला त्या डॉक्टरांनीच सांगितला. चक्कर चालू असताना घरच्यांनी रोग्याच्या डोळ्यांचा व्हिडिओ काढावा. चांगल्या उजेडात, जवळून, अर्धा मिनिट. चक्करमध्ये डोळ्यांची बुबुळे एका बाजूला झटके देत हलतात आणि त्या हलण्यावरून डॉक्टरांना पुष्कळ कळते. दवाखान्यात पोचेपर्यंत चक्कर थांबलेली असते, मग सांगायला काही राहत नाही. ग्रुपवर पाठवायच्या व्हिडिओपेक्षा असा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवावा.

चक्करबरोबर बोबडे बोलणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, दोन-दोन दिसणे, तोंड वाकडे होणे किंवा उभेच राहता न येणे, यांतले काहीही असेल तर तो कान नव्हे, मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा व्हिडिओ नको, ग्रुप नको, १०८ ला फोन करावा. आणि ज्याला चक्कर येते त्याने ती जाईपर्यंत विहिरीच्या काठावर, झाडावर, ट्रॅक्टरवर जाऊ नये. रात्री मोटार चालू करायला एकट्याने जाणे तर नकोच.

'साहेब, लिहून पाठवा'

आता माझ्या ग्रुपमधली दुसरी गोष्ट. पावसाचा अंदाज किंवा करप्याची फवारणी सांगायची असली की मी बोलून पाठवतो. गाडीवर असतो, टायपिंगचा कंटाळा, आणि म्हाताऱ्या माणसांना वाचण्यापेक्षा ऐकणे सोपे, असे माझे मत होते. एकदा एका नंबरवरून मला स्वतंत्र मजकूर आला. 'साहेब, लिहून पाठवा. मला ऐकू येत नाही.' नाव पाहिले तर ज्यांच्या बांधावर मी कितीदा उभा राहिलो ते शेतकरी. जन्मापासून ऐकू न येणारे, बोलता न येणारे. शाळेत शिकून वाचायला येते. मी बांधावर नेहमी त्यांच्या भावाशी बोलत आलो. ते शेजारी उभे असत आणि मान हलवत. दोन वर्षे ते ग्रुपमध्ये होते आणि माझा एकही सल्ला त्यांना पोचला नव्हता.

२०१६ नंतर नेट स्वस्त झाले, व्हॉट्सॲपवर समोरासमोर दिसून बोलण्याची सोय आली. आपल्यासाठी ती चैन होती. या माणसांसाठी तो पहिला टेलिफोन होता. त्यांच्यासारखे काही जण चाकणच्या कंपन्यांत कामाला आहेत, त्यांचा वेगळा ग्रुप आहे. त्यात आवाज नाही, सगळे हातांच्या खुणांचे व्हिडिओ. कुठे नोकरी निघाली, कोणते कागद लागतात, कोणत्या दुकानात श्रवणयंत्राच्या नावाखाली फसवतात, सगळे तिथे कळते. दिल्लीला २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र झाले. त्यांच्या ॲपमध्ये हजारो शब्दांच्या खुणांचे व्हिडिओ मोफत आहेत. मी त्यातून 'पाऊस', 'औषध', 'उद्या' एवढ्या खुणा शिकलो. त्यांनी माझी 'औषध' ही खूण पाहून हसू आवरले नाही, तेव्हा ती बरोबर नसावी.

तेव्हापासून मी ग्रुपवर लिहूनच पाठवतो. मोबाइलच्या कीबोर्डवर माइकचे चिन्ह असते, ते दाबून मराठीत बोलले की अक्षरे उमटतात. 'करपा' चे कधी 'कृपा' होते, तेवढे सुधारावे लागते. याचा आणखी एक फायदा परवा दिसला. एका घरी आबांना वयाने ऐकू येत नाही, ओरडून ओरडून घरचे वैतागलेले. नातीने त्यांच्यापुढे मोबाइल धरला आणि त्यात बोलली. आबांनी चष्मा लावून वाचले आणि उत्तर दिले. श्रवणयंत्र लावायला मात्र आबा तयार नाहीत. चष्मा लावलेला चालतो, यंत्र लावले की म्हातारा झालो म्हणतात. वय सत्याऐंशी.

भाऊसाहेबांसाठी

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी मला हे लिहितो आहे म्हटल्यावर दोन-तीन गोष्टी विचारल्या, त्या इथेच देतो. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. श्रवणयंत्र मिळाले तरी त्याची बॅटरी आणि साचा यांचा खर्च पुढे चालूच राहतो आणि त्याअभावी यंत्र डब्यात पडते, तो यातून विचारात घेता येईल. दिव्यांगाचे प्रमाणपत्र आता हाताने लिहून मिळत नाही. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून, अधिकार दिलेल्या शासकीय रुग्णालयात तपासणी होते. तपासणीसाठी आपल्या लोकांना पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, औंधचे जिल्हा रुग्णालय आणि पुण्याचे ससून जवळ पडते. तिन्ही ठिकाणी जाण्याआधी दिवस विचारून जावे. गावातल्या उपकेंद्रातून ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलता येते, फुकट. मोबाइलवरच सल्ला घ्यायचा तर निदान तो डॉक्टरचा असावा.

सवलतींसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के लागते. ते काढताना चांगल्या कानाचे नुकसान पाच पटीने धरतात, त्यात वाईट कानाचे मिळवतात आणि सहाने भागतात. म्हणजे एक कान पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत असला, तर हिशेब १७ टक्क्यांच्या आसपास येतो.

यार्डात भेटलेल्या त्या पोराचा हिशेब असाच झाला. गोळ्या झाल्या, कानाच्या पडद्यातून इंजेक्शनेही झाली. थोडे परत आले. मोठा हॉर्न कळतो, बोलणे कळत नाही. प्रमाणपत्राचा उपयोग नाही, आणि प्रेस शॉपच्या आवाजात उरलेला कान घालवायचा नाही म्हणून त्याने ते काम सोडले. सध्या एका गोदामात माल मोजतो. मागून येणारा फोर्कलिफ्ट कोणत्या बाजूने येतो ते त्याला कळत नाही, म्हणून तो भिंतीला पाठ लावून उभा राहतो. तेलाचा तो मजकूर मी ग्रुपवरून काढला. तो मागच्या महिन्यात पुन्हा आला, या वेळी लसणाऐवजी कांद्याचा रस होता.